मोहरीहून लहान यंत्रे

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ उघडून ज्यांनी कधी आत डोकावून पाहिले असेल, त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक जुडगा आठवत असेल. त्यांतील काही पत्रे जागच्या जागी पक्के बसविलेले असत, तर काही एका दांड्याबरोबर फिरत. बाहेरची कळ फिरविली की फिरते पत्रे स्थिर पत्र्यांच्या फटींत शिरत किंवा फटींतून बाहेर येत. ते एकमेकांस कोठेही स्पर्श करीत नसत. परंतु त्यांच्या या देवघेवीने त्या जुडग्याची विद्युत् साठविण्याची शक्ती कमीअधिक होई आणि मुंबईच्या जागी धारवाड केंद्र ऐकू येऊ लागे. या रचनेस रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर कंडेन्सर म्हणे. शास्त्रीय परिभाषेत तिला धारित्र म्हणतात.

हाच जुडगा हजारो पटींनी लहान केला, त्याचे पत्रे सिलिकॉनचे केले आणि ते हाताने फिरविण्याऐवजी वाहनाच्या धक्क्याने हलू दिले, तर जे यंत्र तयार होते ते आज असंख्य मोटारींत बसलेले आहे. मोटार कशावर तरी आदळली की प्रवाशासमोरची हवापिशवी फुगवावी किंवा नाही, याचा निर्णय घेणाऱ्या मंडलाला वार्ता देण्याचे काम हे यंत्र करते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोरची हवापिशवी सक्तीची झाली. तेव्हापासून हा विषय केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचा राहिला नाही. चोर्ला घाटातून बेळगावहून पणजीस जाणाऱ्या कुटुंबाचाही तो विषय झाला आहे.

या यंत्रापुढील कामगिरी किती बिकट आहे ते प्रथम पाहू. मोटार भिंतीवर आदळली, तर चालकाचे मस्तक पुढे झेपावून चाकापर्यंत पोहोचण्यापूर्वी पिशवी फुगलेली असली पाहिजे. त्यासाठी निर्णयास मिळणारा अवधी एका सेकंदाच्या सुमारे दोन ते तीन शतांशांइतकाच असतो. डोळ्याचे पाते लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. दुसऱ्या बाजूने पाहता, घाटातल्या खड्ड्यात चाक आपटल्यास, किंवा कोणी दार जोराने लावल्यास, पिशवी मुळीच फुगता कामा नये. कारण भलत्या वेळी फुगलेली पिशवीच अपघातास निमंत्रण देईल. म्हणजे यंत्र चपळ हवे आणि उतावळेही नको. पूर्वी या कामी नळीत लोहचुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी वापरीत. धक्का पुरेसा मोठा असला की गोळी चुंबकाची पकड सोडून पुढे जाई आणि विजेचा संपर्क घडवी. ही युक्ती भरवशाची होती. परंतु तिला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगता येई. धक्का किती मोठा, तो कसा वाढत गेला आणि कसा ओसरला, हे तिला सांगता येत नसे.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील अ‍ॅनलॉग डिव्हायसेस या कंपनीने ‘एडीएक्सएल-५०’ नावाचा त्वरणमापक बाजारात आणला. त्याची रचना समजली म्हणजे या शास्त्राची बरीचशी मूलतत्त्वे समजली, असे म्हणावयास हरकत नाही. सिलिकॉनच्या तुकड्यावर, त्याच्या पृष्ठभागापासून थोडी वर उचललेली, सुमारे दोन मायक्रॉन जाडीची एक पट्टी अधांतरी टांगलेली असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मापाची कल्पना येईल. पट्टीची टोके लवचीक बाहूंनी बांधलेली असून ते बाहू स्प्रिंगचे काम करतात. पट्टीच्या दोन्ही अंगांना फणीच्या दातांसारखी बोटे फुटलेली असतात आणि प्रत्येक बोट दोन स्थिर बोटांच्या मधोमध उभे असते. त्यांच्यामधील फट सुमारे १.३ मायक्रॉन. मोटार एकाएकी थांबली की जडत्वामुळे पट्टी किंचित पुढे सरकते; एका बाजूची फट अरुंद होते, दुसऱ्या बाजूची रुंद होते. एका धारित्राची शक्ती वाढते, दुसऱ्याची घटते, आणि या दोहोंतील फरकावरून शेजारचेच विद्युत् मंडल धक्क्याचे माप काढते. या पट्टीचे वजन मिलिग्रॅमच्या दहाहजाराव्या भागाएवढे आहे, आणि तिची जी हालचाल ओळखता येते ती एका अणूच्या व्यासाहूनही कमी असू शकते.

अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्यापुढे पहिला पेच स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग मऊ ठेवली तर पट्टी अधिक सरकेल आणि माप घेणे सोपे होईल. परंतु मऊ स्प्रिंगवरील वस्तू सावकाश झुलते. तिला धक्क्याची वार्ता उशिरा कळते. यामागील गणित फार कठीण नाही. पट्टी किती सरकेल, हे धक्क्याच्या त्वरणास तिच्या स्वाभाविक कंपनवेगाच्या वर्गाने भागले असता मिळते. समजा, पट्टी सेकंदास २०,००० वेळा कंप पावणारी आहे आणि धक्का गुरुत्वत्वरणाच्या पन्नास पट आहे. मग ती सरकेल अवघी ०.०३ मायक्रॉन. कंपनसंख्या निम्मी केली तर सरकणे चौपट होईल. पण चपळता निम्मी होईल आणि पट्टी आजूबाजूस चिकटण्याचा धोकाही वाढेल. एक पदरात घ्यावे तर दुसरे हातचे जाते. यांतील कोणता तोटा पत्करावयाचा, हे ठरविणे म्हणजेच आराखडा करणे होय.

दुसरा पेच विजेचा आहे. दोन बोटांमध्ये विद्युत् दाब दिला की ती एकमेकांस ओढतात. स्प्रिंग त्यांना मागे खेचते; परंतु स्प्रिंगचा जोर अंतराच्या प्रमाणात वाढतो, तर विजेची ओढ फट अरुंद होत जाईल तशी वर्गाच्या प्रमाणात वाढते. समोरासमोरील दोन सपाट पत्र्यांचा हिशेब मांडला असता असे दिसते की, दाब हळूहळू वाढवीत गेल्यास मूळ फटीचा एक तृतीयांश भाग कापला जाईपर्यंत स्प्रिंग तग धरते. त्यापुढे केसभरही गेले की ती हरते आणि दोन्ही पत्रे ताडकन एकमेकांवर आपटतात. ही मर्यादा ओलांडली जाणार नाही अशी काळजी आराखड्यातच घ्यावी लागते. पुढे यंत्र तयार झाल्यावर स्क्रू पिळून ती साधता येत नाही.

येथे एक साहजिक शंका उद्भवते. एवढी बारीक पट्टी हलक्या धक्क्यानेच मोडत कशी नाही? याचे उत्तर आकारमानाच्या नियमात आहे. वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी केली, तर तिचे पृष्ठफळ शंभरपट कमी होते. वजन मात्र हजारपट कमी होते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे याच नियमाने समजावून दिले होते. मोठेपणाची जी शिक्षा हत्तीला भोगावी लागते, तिच्यातून मुंगी सुटते. म्हणूनच मिलिमीटरच्या अंशाएवढी सिलिकॉनची पट्टी मोठ्या यंत्राचे तुकडे करणारे धक्केही सहन करते. शिवाय सिलिकॉन हा काचेसारखा ठिसूळ पदार्थ म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा ताठपणा पोलादाच्या जवळपास आणि घनता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडी कमी आहे. नेहमीच्या तपमानात तो वाकून वाकडा राहत नाही. ताण काढला की अचूक पूर्वस्थितीला येतो. कोट्यवधी वेळा हलावयाच्या स्प्रिंगला याहून चांगला गुण कोणता हवा? १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉनकडे यांत्रिक पदार्थ म्हणून पाहणारा विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप येऊ लागले.

परंतु मुंगी ज्या शिक्षेतून सुटते तिच्या बदल्यात दुसरी तिच्या वाट्याला येते. पुढे भारतात स्थायिक होऊन १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे देह ठेवणारे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ही गोष्ट फार मार्मिकपणे सांगितली होती. स्नान करून बाहेर आलेला मनुष्य अंगावर सुमारे अर्धा किलो पाणी वागवितो आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. भिजलेल्या उंदराला स्वतःच्या वजनाइतके पाणी वागवावे लागते. माशीला तर स्वतःच्या कित्येक पट. आणि म्हणून एकदा भिजलेल्या माशीचे जीवित धोक्यात येते. हाल्डेन यांची ही माशी पुढे या यंत्रांच्या कारखान्यात कशी अवतरली, हे आता पाहावयाचे आहे.

ही यंत्रे घडविण्याची रीत लोहाराच्या किंवा सोनाराच्या रीतीहून अगदी निराळी आहे. येथे भाग वेगवेगळे घडवून जोडीत नाहीत, जोडलेलेच घडवितात. गवंडी दगडी कमान बांधतो तेव्हा आधी लाकडाचा गोल आधार उभा करतो, त्यावर दगड रचतो आणि चुना धरला की आधार काढून घेतो; मग कमान अधांतरी उभी राहते. अधांतरी पट्टी घडविण्याची युक्ती हीच आहे. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर प्रथम सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे एका प्रकारच्या काचेचा, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर बसवितात. हा झाला लाकडी आधार. त्यावर प्रकाशाने गुणधर्म बदलणारा लेप पसरतात आणि नक्षी असलेल्या काचपट्टीतून अतिनील किरण पाडतात. फोटो धुतात त्याप्रमाणे लेप धुतला की नक्षीबरहुकूम काही जागा उघड्या पडतात, आणि तेथील काच कोरून काढली की कमानीच्या पायांसाठी खळगे तयार होतात. नंतर सहाशे अंशांच्या आसपास तापविलेल्या भट्टीत सायलेन नावाचा वायू सोडतात. तो विघटन पावून सर्वत्र सिलिकॉनचा थर बसतो. पुन्हा लेप, पुन्हा प्रकाश, पुन्हा कोरीवकाम. आणि पट्टी, बाहू, बोटे हे सर्व एकाच वेळी आकारास येतात. शेवटी चकती हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवितात. हे आम्ल काच खाते, सिलिकॉनला मात्र सहसा हात लावीत नाही. आधार विरघळून जातो आणि पट्टी मोकळी होते. एका चकतीवर अशी शेकडो-हजारो यंत्रे एकाच वेळी तयार होतात. एक यंत्र करण्याचे आणि हजार करण्याचे कष्ट जवळपास सारखेच. मोटारीतील एवढे नाजूक यंत्र सामान्य माणसाला परवडते ते यामुळेच.

याखेरीज चकतीच्या अंगातच खोल कोरण्याच्याही पद्धती आहेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सिलिकॉन सर्व दिशांनी सारख्या वेगाने झिजत नाही. स्फटिकातील अणूंच्या मांडणीमुळे काही दिशांना झीज शेकडो पटींनी मंद असते. त्यामुळे नेहमीच्या प्रकारच्या चकतीवर चौकोनी खिडकी ठेवल्यास ५४.७ अंशांच्या उताराच्या चार भिंती असलेला, जणू उलट्या पिरॅमिडसारखा खळगा आपोआप तयार होतो. दाब मोजणाऱ्या यंत्रांतील पातळ पडदे याच रीतीने केले गेले. उभ्या कड्यासारख्या भिंती हव्या असतील तर जर्मनीतील बॉश कंपनीत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सिद्ध झालेली पद्धत वापरतात. तीत एक वायू काही सेकंद तळ खणतो, दुसरा वायू भिंतींवर संरक्षक लेप चढवितो, आणि ही पाळी शेकडो वेळा चालते. गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे एकाने खणावे, दुसऱ्याने लिंपावे, असा हा कारभार आहे.

आता हाल्डेन यांच्या माशीकडे वळू. आम्लाने आपले काम केले, चकती पाण्याने धुतली, आता ती वाळविली की झाले, असे कोणासही वाटेल. पण घात होतो तो नेमका येथे. पाणी आटत जाते तसतसा पट्टीखाली उरलेला थेंब पृष्ठताणाने तिला खाली ओढतो. लांबी हजारपट कमी केली तर वजन अब्जपट कमी होते. पृष्ठताणाचा जोर मात्र हजारपटच कमी होतो. म्हणजे वजनाच्या तुलनेने तो दहा लाख पटींनी वाढला! पट्टी वाकते, तळाला टेकते, आणि पाणी उडून गेल्यावरही तेथेच चिकटून राहते. भिजलेली माशी उठत नाही. कित्येक आठवड्यांच्या श्रमाने केलेली चकती अशा रीतीने अखेरच्या काही मिनिटांत निकामी होऊ शकते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सर्व काही जागच्या जागी दिसते, फक्त हलत नाही.

यावरचा उपाय वायूंच्या भौतिकशास्त्रातून निघाला. पृष्ठताण असतो द्रव आणि वायू यांच्या सीमेवर. ही सीमाच नाहीशी केली तर? कार्बन डायॉक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरणे दाब यांच्या वर नेला, की त्यात द्रव कोणता आणि वायू कोणता हा भेदच उरत नाही. म्हणून पाण्याच्या जागी प्रथम अल्कोहोल आणि नंतर द्रवरूप कार्बन डायॉक्साइड भरतात, त्याला त्या अवस्थेत नेतात आणि मग दाब सोडून देतात. पट्टीला कळतही नाही की आपण केव्हा वाळलो. दुसरा उपाय म्हणजे द्रव आम्लाऐवजी आम्लाची वाफच वापरणे. तिसरा आराखडा करणाऱ्याच्या हाती असतो: पट्टीच्या तळाला बारीक उंचवटे ठेवावयाचे, म्हणजे ती टेकली तरी पुरी लोळण घेणार नाही.

या शास्त्राचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी ताण दिला असता सिलिकॉन आणि जर्मेनियम यांचा विद्युत् रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, असे दाखवून दिले. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात सूक्ष्म सृष्टीत अद्याप अपार जागा मोकळी आहे, असा विचार मांडला, आणि इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावणारी विद्युत् मोटर करणाऱ्यास एक हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर केले. एखादी नवी विद्या जन्मास यावी, हा त्यांचा हेतू होता. एक वर्षही उलटले नाही तोच विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने तशी मोटर करून आणली. पण केली ती सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि धीर या जुन्याच साधनांनी. फाइनमन यांना बक्षीस द्यावे लागले. नवी विद्या मात्र जन्मली नाही. ती अवतरली दुसऱ्याच घरी, ट्रान्झिस्टर करणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत. १९६५ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीतील हार्वी नॅथन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ट्रान्झिस्टरवर कंप पावणारी धातूची सूक्ष्म तुळई बसविल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९८८ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी केसाच्या जाडीच्या आसपास व्यास असलेले चाक सिलिकॉनमध्ये करून ते विद्युत् बलाने फिरविले.

ते चाक साऱ्या जगाने नवलाने पाहिले. परंतु पोटापाण्याचा धंदा त्याने फारसा केला नाही. कारण चाक म्हटले की आस आला, आस म्हटला की घर्षण आले, आणि या सूक्ष्म सृष्टीत वंगण घालावयाचे तर पुन्हा पृष्ठताण आलाच. जी यंत्रे यशस्वी झाली त्यांनी घासणेच टाळले. त्यांत आस नाही, बिजागरी नाही, दातेरी चाके नाहीत. लवणारी पट्टी आहे, ताणणारा पडदा आहे, पिळवटणारा धागा आहे. चित्रपट पडद्यावर टाकणाऱ्या यंत्रांतील सूक्ष्म आरसे घ्या: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलेल्या या रचनेत प्रत्येक आरसा पिळवटणाऱ्या बारीक पट्ट्यांवर कलतो.

यंत्र तयार झाले, वाळले, हलू लागले, तरी चिंता संपत नाही. त्याला धुळीपासून व दमटपणापासून जपण्यासाठी बंद कोशात ठेवावे लागते. २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील एका रुग्णालयात चुंबकीय तपासणीच्या यंत्रातील हीलियम वायू निसटला आणि इमारतीतील विशिष्ट बनावटीचे अनेक मोबाइल फोन एकाएकी बंद पडले. शोधाअंती दिसून आले की त्या फोनांचे घड्याळ म्हणजे निर्वात कोशात कंप पावणारा सिलिकॉनचा कण होता, आणि हीलियमचे अतिसूक्ष्म अणू कोशाच्या भिंतींतून आत झिरपले होते. काही दिवसांनी वायू निघून गेला आणि फोन पुन्हा चालू लागले. सृष्टीतील सर्वांत निरुपद्रवी समजला जाणारा वायूही या सूक्ष्म राज्यात परचक्रासारखा येऊ शकतो!

मुंबईची आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील निर्मल खोल्यांत हे शिक्षण आता मिळू शकते. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या विद्येत हाताला चूक सुधारण्याची संधी जवळजवळ नाही. नक्षी एकदा काचपट्टीवर उतरली की दोष आठवड्यांनंतर, सर्व पायऱ्या उरकल्यावरच उघडा पडतो. म्हणून कागदावरचे गणित येथे कानशीचेही काम करते आणि हातोड्याचेही.

आणि तरीही माणसाने त्या गणितावर आंधळा विश्वास ठेवलेला नाही. ‘एडीएक्सएल-५०’ मध्येच अशी सोय होती की, बाहेरून विजेचा इशारा दिला की स्थिर बोटे पट्टीला मुद्दाम ओढतात. धक्का बसला नसता बसल्याचे नाटक घडते, आणि यंत्राने ते बरोबर ओळखले तरच ते शाबूत ठरते. चिकटलेली पट्टी या परीक्षेत नापास होते. थोड्यात विश्वासू राहणारा पुष्कळातही विश्वासू राहतो, या जुन्या शिकवणीची ही जणू रोजची उजळणी आहे. मोटारीची किल्ली फिरविताच समोरच्या फलकावर हवापिशवीच्या चित्राचा एक दिवा काही क्षण लागतो आणि विझतो. एवढ्या अवकाशात मोटार आपल्या हवापिशवीची आणि तिच्या पहारेकऱ्यांची तपासणी करून घेते. दिवा विझला नाही, तर प्रवास पुढे ढकलून मोटार कारागिराकडे न्यावी. पहारेकरी झोपला असण्याचा संभव आहे.